तांदूळ ओळखणाऱ्या पेटीबरोबर सावलीला

चंद्रपूरकडे माणसं वाघ बघायला जातात. आम्ही तांदूळ बघायला गेलो, आणि तोही आम्ही बघायचा नव्हता, आमच्या पेटीनं बघायचा होता. परत आल्यापासून जो भेटेल तो विचारतो, "मग, वाघ दिसला का?" नाही दिसला. पण जे दिसलं ते सांगायला बसलं की लोक वाघ विसरतात, म्हणून म्हटलं, लिहूनच काढावं.

मी पुण्यात एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवते. विसावं शतक संपायला आलं तरी आमच्याकडे संगणकाच्या खोलीत अजून चपला बाहेर काढून जावं लागतं. त्या खोलीत माझा विद्यार्थी मिलिंद रामटेके यानं एम.ई.साठी एक पेटी तयार केली. मिलिंद मूळचा सावलीचा. तिथे त्याच्या वडिलांची धान भरडायची छोटी गिरणी आहे. पेटीत वरून तांदूळ टाकायचा. दाणे पन्हळीतून एकेक करून घसरतात, वाटेत दिव्याचा उजेड त्यांच्यावर पडतो, प्रकाश मोजणारे बारीक डोळे तो टिपतात, आणि दाणा चांगला असेल तर हिरवा दिवा लागतो. कनकी म्हणजे तुकडा, डागी दाणा किंवा खडा असेल तर लाल.

मधलं काम करतं ते न्यूरल नेटवर्क. या प्रवासात ते मला इतक्या जणांना समजावून सांगावं लागलं की आता बरं जमतं. नेहमीच्या संगणकाला नियम सांगावे लागतात. याला नियम सांगत नाहीत, हजारो दाणे दाखवतात आणि प्रत्येक वेळी उत्तर सांगतात. आत बेरजा करणाऱ्या छोट्या छोट्या गाठी असतात, त्या एकमेकींना जोडलेल्या असतात आणि प्रत्येक जोडणीला एक वजन असतं. उत्तर चुकलं की वजनं किंचित सरकवायची. असं करता करता जाळं शिकतं. हे शिकणं संगणकावर होतं, पण गिरणीच्या कोंड्यात संगणक आठवडाभर टिकणार नाही. म्हणून शिकून झालेली वजनं एका चिपेत भरायची आणि अख्खं जाळं पोळपाटाएवढ्या बोर्डावर बसवायचं, हे मिलिंदचं काम. त्यानं ते फार सुंदर केलं होतं. प्रयोगशाळेत पेटी क्वचितच चुकायची.

परीक्षक नागपूरचे. पुण्याला येऊन त्यांनी पेटी पाहिली, चष्मा पुसला आणि म्हणाले, "इथे चालते. गिरणीत चालवून दाखवा, मग सही करतो." चंद्रपूरच्या एका तंत्रनिकेतनात मिलिंदला अधिव्याख्यात्याची जागा मिळत होती, पण दिवाळीच्या सुट्टीनंतर पदवी हातात असली तरच. परीक्षक सावलीलाच येतो म्हणाले. त्यांच्या आधी पोचावं म्हणून मी आणि मिलिंद पेटी घेऊन निघालो.

वरोरा, भद्रावती, चंद्रपूर

रेल्वेनं निघालो खरं, पण पुढे रुळावर कोळशाच्या मालगाड्यांची रांग लागलेली, म्हणून आम्ही वरोऱ्यालाच उतरून एसटी धरली. स्टँडबाहेर कापसाच्या बैलगाड्या उभ्या होत्या आणि सगळ्या रस्त्याला कापूस चिकटला होता. कंडक्टर पेटीकडे बघून म्हणाला, "हे टपावर टाका."

"टपावर नाही जमणार भाऊ, आत नाजूक आहे," मिलिंद म्हणाला. "पाहिजे तर तिचं तिकीट काढतो."

"फुल का हाफ?"

"शिकून झाली आहे. फुल द्या."

कंडक्टर हसला आणि तिकीट न फाडताच पुढे गेला. पेटी मिलिंदच्या मांडीवर बसली ती चंद्रपूरपर्यंत. भद्रावतीला कारखान्याच्या कॉलनीतली माणसं डबे सांभाळत चढली-उतरली. रस्त्याकडेची झाडं कोळशाच्या धुळीनं काळवंडलेली होती आणि माझी पांढरी ओढणी चंद्रपूर येईपर्यंत त्यांच्याच रंगाची झाली.

चंद्रपुरात खाणावळीत जेवलो. मी साताऱ्याकडची. आमच्याकडे भाकरी हे जेवण आणि भात हा जेवण संपल्याची खूण. इथे वाढपी आला आणि काही न विचारता ताटात भात ओतून गेला, वर लाखोळीची डाळ, बाजूला तळ्यातल्या माशांचं झणझणीत कालवण. मी भाकरी मागितली तेव्हा त्यानं माझ्याकडे काळजीनं पाहिलं. "तब्येत बरी नाई काय, बाई?" मग मी मुकाट्यानं भात जेवले आणि सांगायला हरकत नाही, दुसऱ्यांदा घेतला.

मिलिंद मात्र चिवडत बसला होता. हात धुताना म्हणाला, "मॅडम, नाई चाललं तर मी पुण्याला परत येत नाही. बाबांच्या गिरणीवर बसतो." मी त्याला रागावले.

सावली

मूल हे गाव मागे सोडलं आणि रस्त्याला रान लागलं. सागाची पानं सुपाएवढी, वाळून खाली पडलेली, त्यांवरून गुरं गेली की बसमध्येसुद्धा चुरचुर ऐकू येई. बांबूनं भरलेले ट्रक समोरून यायचे आणि बांबूचे शेंडे खिडकीला घासून जायचे. मग रान सरलं आणि धानाच्या बांध्या सुरू झाल्या. बांधी म्हणजे बांध घातलेलं भाताचं वावर. कापणी झालेली, जागोजाग धानाची पुंजणी रचलेली, मध्येच एखादं तळं आणि त्यात बगळे. असा पिवळा रंग मी आमच्याकडे कधी पाहिला नव्हता.

मिलिंदचे वडील नामदेवभाऊ स्टँडवरच उभे होते. पेटी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि नवरी घरी आणावी तशी जपून नेली. घरी शेवंताबाईंनी, म्हणजे मिलिंदच्या आईनं, पाय धुवायला गरम पाणी दिलं. पुढच्या खोलीत बुद्धाची तसबीर, तिला ताजी फुलं, आणि खाली मिलिंदचा शाळेपासूनचा प्रत्येक निकाल काचेत लावलेला. "एम.ई.साठी जागा सोडून ठेवली, मॅडम," शेवंताबाई म्हणाल्या आणि भिंतीवरचा रिकामा खिळा दाखवला. मला तो खिळा बघवेना.

गिरणी मुख्य रस्त्याच्या दुसऱ्या टोकाला, पत्र्याच्या शेडमध्ये. पट्टा फिरत होता, कोंडा उडत होता आणि एका तोंडातून पांढराशुभ्र तांदूळ पडत होता. मिलिंदनं त्यातलाच मूठभर घेतला, निवडून अगदी चांगला केला आणि पेटीत टाकला.

लाल. लाल. लाल.

पुन्हा टाकला. सगळे लाल. नामदेवभाऊंनी स्वतः बियाण्यासारखे दाणे वेचून दिले. तेही लाल.

"हे तं आमचा साराच तांदूळ नापास करून राह्यली न जी!" नामदेवभाऊ म्हणाले आणि मोठ्यानं हसले. मिलिंदचा चेहरा बघून त्यांनी हसू आवरलं.

मग आमची धावपळ सुरू झाली. गिरणीची मोटर चालू झाली की दिवे मंदावत होते, म्हणून विजेवर संशय घेतला आणि पेटी ट्रकच्या बॅटरीवर लावली. लाल. हादऱ्यानं काही सैल झालं असेल म्हणून पेटी पोत्यांच्या गादीवर ठेवली. लाल. डोळ्यांवर कोंडा बसला असेल म्हणून मी ओढणीनं पुसले. लाल. मिलिंदनं बोर्ड उघडून चिपा एकेक दाबून पाहिल्या, जोडण्या मीटरनं तपासल्या. सगळं ठीक. म्हणजे जाळंच चुकीचं, म्हणजे इतके दिवस केलेलं सगळंच चुकीचं, असं तो बोलला नाही, पण मला ऐकू आलं.

संध्याकाळी डोकं हलकं करायला मी बांधावरून फिरायला गेले आणि पाय घसरून बांधीतल्या चिखलात बसले, ओढणीसकट. तळ्यावरून परतणाऱ्या बायांनी मला वर काढलं. एकीनं विचारलं, "पुण्याले चिखल नसते काय, बाई?" म्हटलं, असतो, पण तिथे त्यात बसायची रीत नाही. त्या हसत हसत घरापर्यंत सोडायला आल्या. त्या दिवसात हसू आलं ते तेवढंच.

दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत तेच. परीक्षक यायला आता मोजका वेळ उरला होता. मिलिंद गिरणीत पेटी उघडून तिच्याकडे नुसता बघत बसला होता. मला तिथे बसवेना, मी घरी आले.

अंगणात उन्हात शेवंताबाई परात घेऊन बसल्या होत्या. परातीत चिन्नोर तांदूळ, इकडचा बारीक, वासाचा. बाजूला वाटीत तेल. त्या तळहात तेलानं ओले करत आणि तांदूळ हलक्या हातानं चोळत.

"हे माझ्यासाठी की काय?" मी विचारलं.

"मंग? रिकाम्या हातानं पाठवू काय तुमाले? एरंडीचं तेल लावून देतो जी. किडा नाई लागत. पुढचा पावसाळा निघून जाईन."

यात नवल काही नव्हतं. माझी आईसुद्धा डाळींना एरंडेल लावायची. मी ओढणी कमरेला खोचली, समोर बसले आणि चोळू लागले. इकडच्या तिकडच्या गोष्टी चालल्या होत्या. मिलिंदला लहानपणी वाचायला बसवलं की झोप यायची वगैरे. मी मूठभर तांदूळ तळहातावर घेतला. उन्हात तो लखलखला. सकाळपासून गिरणीत तांदूळच बघत होते, पण तिथला असा चमकत नव्हता.

"शेवंताबाई," मी म्हटलं, "मिलिंदला तुम्ही दोन पोती पाठवली होती ना पुण्याला? एक चांगल्या तांदळाचं, एक वाईट?"

"हो न. त्यानंच मांगतली होती. मामाच्या हातानं धाडली."

"त्यांनाही तेल लावलं होतं?"

"चांगल्याले लावलं न! पोरगा उरला-सुरला खाईन म्हटलं, तिथी कोण पाहाते त्याचं. दुसऱ्या पोत्याले काऊन लावू? कनकी अना खडे सारे. त्याले कोण तेल लावते, बाई?"

मी उठले. चपला घालायच्या राहिल्या, हात तेलानं माखलेले, आणि मी पुण्याच्या कॉलेजातली प्राध्यापिका सावलीच्या मुख्य रस्त्यावरून पळत सुटले. पानठेल्यावरच्या माणसांनी नक्कीच कुठेतरी आग लागली असं समजून माझ्यामागे पाहिलं.

"मिलिंद! डागी दाणे आण. खडे आण."

"काय झालं मॅडम?"

"आण तर!"

त्यानं मूठभर काळपट, किडके दाणे आणि दोन-चार खडे आणले. मी ते माझ्या तेलकट तळहातांवर चोळले आणि पेटीत सोडले.

हिरवा. हिरवा. हिरवा. खड्यालासुद्धा हिरवा!

मिलिंद माझ्या हातांकडे बघत राहिला. मी त्याला पोत्यांचं सांगितलं. तो हुशार आहे, दुसऱ्या वाक्याला त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. आम्ही पेटीला चांगलं आणि वाईट शिकवत होतो. तिला कोण सांगणार की दाण्याचा रंग बघ, आकार बघ? एका पोत्यातले दाणे चमकत होते, दुसऱ्यातले नव्हते. तिनं सगळ्यांत सोपं ते धरलं. परीक्षेचे प्रश्न ठरलेले असले की पोरं तेवढंच पाठ करून येतात, तसं झालं. आणि आम्ही तिची परीक्षा घेत होतो तीही त्याच दोन पोत्यांतल्या दाण्यांवर, म्हणून ती दर वेळी पहिल्या नंबरानं पास होत होती. बोर्ड बिघडला नव्हता. चिपा जळल्या नव्हत्या. जाळंसुद्धा चुकीचं नव्हतं, उलट भलतंच हुशार होतं.

मिलिंद पोत्यावर बसला आणि हसू लागला. मीही बसले आणि डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसले. दोन दिवस छातीवर ठेवलेला दगड कुणीतरी उचलून बाजूला ठेवला. मला इतकं हलकं वाटलं की नामदेवभाऊंना हाक मारून मी चहा मागितला, आपण होऊन, गुळाचा.

तेवढ्यात माझ्या चपला हातात घेऊन शेवंताबाई दारात आल्या. "काय झालं जी? काऊन पळाल्या?"

मिलिंद हसता हसताच म्हणाला, "आई, तू त्या पोत्याले तेल लावलं होतं न, त्याच्यानंच पेटी भलतं शिकली!"

त्या हसल्या नाहीत. "म्हणजे माह्यानं झालं काय?"

"तसं नाई आई…"

"माह्या हातानं तुही परीक्षा बिघडली?"

त्यांनी चपला माझ्यापुढे ठेवल्या आणि निघून गेल्या. त्या दिवशी त्यांनी आम्हाला वाढलं, पण स्वतः पानावर बसल्या नाहीत. मी किती समजावलं, की चूक सापडली हीच मोठी गोष्ट आहे. त्या एवढंच म्हणायच्या, "तुमी समजदार आहात मॅडम, तुमी असंच बोलाल." माझ्या परातीतला तांदूळही तसाच अर्धा राहिला. त्यांनी त्याला पुन्हा हात लावला नाही.

गडचिरोली

पेटीला पुन्हा शिकवायचं तर संगणक हवा. सावलीत नव्हता. मिलिंदला यास्मिन शेख आठवली, त्याच्याबरोबर बी.ई. झालेली. गडचिरोलीत ती संगणकाचा क्लास चालवते. सकाळच्या पहिल्या बसनं आम्ही पेटी आणि चार पिशव्या घेऊन निघालो. चांगला तांदूळ तेल लावलेला, चांगला बिनतेलाचा, वाईट तेल लावलेला आणि वाईट बिनतेलाचा. तेल या वेळी मिलिंदनं लावलं.

वैनगंगेचा पूल ओलांडला. नदी रुंद, पाणी एका कडेला, बाकी वाळूच वाळू आणि वाळूत टरबुजांच्या वेलींसाठी काढलेले खड्डे. पलीकडे पोलिसांची तपासणी होती. या जिल्ह्यात ती रोजचीच. सगळे निवांत उतरले, रांगेत उभे राहिले. आम्ही मात्र रांगेच्या शेवटी सरकलो, कारण आमच्याजवळ होती पत्र्याची पेटी, तीत तारा, बॅटरी आणि लाल-हिरवे दिवे.

हवालदारानं झाकण उघडलं, आत पाहिलं आणि दोन पावलं मागे सरकला. "बाई, हे काय आहे?"

मी शांतपणे न्यूरल नेटवर्क समजावून सांगितलं. गाठी, जोडण्या, वजनं. तो ऐकत होता. शेवटी म्हणाला, "ते सारं ठीक आहे. फुटत तं नाई न?"

"नाही हो. तांदूळ निवडते."

"तांदूळ? मंग घरवाली काय करन?"

रांगेतल्या बाया हसल्या. एक आजी म्हणाली, "आराम करन, बाबू!" हवालदारानं साहेबांना बोलावलं, साहेबांनी पिशव्यांत हात घालून पाहिला, हाताला तेल लागलं ते रुमालाला पुसलं आणि म्हणाले, "जा. पण येताना हेच दाखवा, म्हणजे पुन्हा समजवावं लागणार नाही."

यास्मिनचा क्लास तिच्या वडिलांच्या, करीमचाचांच्या, जळालेल्या मोटरींत तारा भरून द्यायच्या दुकानामागे. पुढे तांब्याच्या तारांची भेंडोळी, मागे पडदा आणि पडद्याआड संगणक. यास्मिननं क्लासातल्या मुलींना सुट्टी दिली आणि बाह्या सरसावल्या. पेटी संगणकाला जोडली. मी दाणे सोडायची, मिलिंद "चांगला", "वाईट" सांगायचा, यास्मिन कळ दाबायची. माझ्या बोटांना तेल आणि कोंडा यांचा थर बसला.

मग जाळं शिकायला बसलं. संगणकाच्या पडद्यावर एकच आकडा, चुकांचा. तो कमी व्हायला हवा. आधी भराभर उतरला, मग एका जागी अडून बसला. तेलाचा सोपा रस्ता आता बंद झाला होता, त्याला खरोखर दाणा बघावा लागत होता. आकडा हलेना. तेवढ्यात वीज गेली. मिलिंदनं डोक्याला हात लावला, पण संगणक चालूच! करीमचाचांनी ट्रकच्या जुन्या बॅटऱ्या जोडून सोय करून ठेवली होती. पडद्यामागून त्यांचा आवाज आला, "घबराओ मत बेटा, इथी लाईट जाते म्हणूनच तं आमचं दुकान चालते."

यास्मिननं जेवायला लावलं. तिच्या आईनं केलेली बिर्याणी, आणि तीही चिन्नोर तांदळाची, म्हणजे तांदळापासून इथे सुटका नाही. जेवून हात धुऊन येतो तो आकडा पुन्हा उतरायला लागला होता. हळूहळू, पण थांबत नव्हता. आम्ही तिघं खुर्च्या ओढून त्याच्यासमोर बसलो आणि क्रिकेटच्या सामन्यासारखे ओरडत राहिलो. दुपार कलायच्या आत तो हवा तिथे आला. मिलिंदनं वजनं कोऱ्या चिपेत भरली, चिप बोर्डात बसवली, संगणकाची तार काढून टाकली. यास्मिननं डोळे मिटून चारही पिशव्यांतले दाणे मिसळले आणि टाकले.

डागी दाणा तेलकट असो की कोरडा, लाल. चांगला, तेलकट असो की कोरडा, हिरवा. यास्मिननं मला मिठीच मारली. येताना हवालदारानं लांबूनच हात केला, "शिकली काय?" मी खिडकीतून ओरडले, "शिकली!"

पुन्हा सावली

परीक्षक जीपनं आले. येताना मूलच्या बाजारात थांबून त्यांनी स्वतः तांदूळ घेतला होता, कागदाच्या पुड्यांत, चांगला आणि वाईट, आणि कुठला कुठल्या पुड्यात ते कुणालाच सांगितलं नव्हतं. गिरणी चालू, कोंडा उडतोय, आणि ते चष्मा पुसत दाणे टाकताहेत. मी दिव्यांकडे बघत नव्हते, त्यांच्या चेहऱ्याकडे बघत होते. तिथे काही कळत नव्हतं. दोन-तीन दाणे पेटी चुकली. बाकी सगळे बरोबर.

"गिरणीत आल्यावर काही अडचण?" त्यांनी विचारलं.

मिलिंदनं सगळं सांगितलं. तेल, दोन पोती, हिरवा खडा. लपवलं काहीच नाही.

"हे प्रबंधात आहे?"

"नाही सर. परवाच कळलं."

"मग घाला. पुण्यात पेटी चालते एवढंच तुम्हाला माहीत होतं. ती काय बघून चालते ते आता माहीत झालं." त्यांनी पेन काढलं. "जागा कुठे मिळते आहे म्हणालात? चंद्रपूरला? पोरांना हेच आधी शिकवा."

त्यांनी सही केली. नामदेवभाऊंनी गिरणीचा पट्टा थांबवला आणि एकदम सगळं शांत झालं. मला वाटलं होतं मिलिंद उडी मारेल. त्यानं कागद पेनासकट माझ्या हातात दिला, पेटी आणि बॅटरी उचलली आणि घराकडे चालू लागला. मी मागोमाग.

शेवंताबाई चुलीपाशी होत्या. "झाला काय पास?" त्यांनी तिकडेच बघत विचारलं.

"झालो. तू इकडं ये."

"मी नाई येत तिच्याजवळ. माह्या हातानं बिघडते."

मिलिंदनं पेटी अंगणात मांडली. माझी ती अर्धी राहिलेली परात आणली. आईचे दोन्ही हात धरून तिला बाहेर आणलं, खाली बसवलं आणि तिच्या तळहातावर स्वतः तेल ओतलं. "लाव."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांनी भीत भीत चिमूटभर तांदूळ चोळला आणि पेटीत सोडला. हिरवा, हिरवा, हिरवा. मिलिंदनं एक काळा दाणा त्यांच्या हातात दिला. तोही त्यांनी तेलात घोळला आणि सोडला.

लाल.

"पाह्यलं बाप्पा हिनं," त्या पुटपुटल्या. मग आपण होऊन दुसरा डागी दाणा शोधला. लाल. मग चांगला. हिरवा. मग थांबेचनात. तेल लावायच्या, सोडायच्या, दिव्याकडे बघायच्या, आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते पुसायला हात मोकळे नव्हते, म्हणून ते मिलिंदनं पुसलं. मी तर केव्हाच रडायला लागले होते.

"नाई बिघडली न?" त्यांनी विचारलं.

"नाई बिघडली, आई."

त्यांनी मोठा श्वास घेतला, हात पदराला पुसले आणि एकदम ताठ झाल्या. "अना ते साहेब? जेवल्याबिगर पाठवले काय तुमी त्याईले?"

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. परीक्षक जीपमध्ये बसून आमची वाट बघत होते. कागद माझ्या हातात, त्यांचं पेनही माझ्याच हातात! नामदेवभाऊ धावत गेले आणि त्यांना घेऊन आले. ते दोन घास खातो म्हणून बसले आणि तीनदा भात घेऊन उठले. आणि त्यांच्या समोर, भिंतीला टेकून, मोठं ताट वाढून घेऊन शेवंताबाई पोटभर जेवल्या.